मोरनची पुस्तिका
मेरीलँडचा बिल मोरन. शेती विकून पूर्णवेळ सुऱ्या घडवायला बसलेला माणूस. १९७३ साली सुरीकारांच्या गिल्डच्या प्रदर्शनात त्यानं नक्षीदार पाती मांडली. वेगवेगळ्या पोलादाचे थर भट्टीत जोडायचे, घडी घालून पुन्हा ठोकायचे. शेवटी आम्लात बुडवलं की थर लाटांसारखे दिसतात. कृतीची पुस्तिका त्यानं तिथेच फुकट वाटली! आम्ही कोडवाले याला ओपन सोर्स म्हणतो.

नाव मात्र 'दमास्कस' दिलं, ते मला खटकतं. जुन्या दमास्कस तलवारींचं वुट्झ पोलाद दक्षिण भारतातल्या मुशींतून जायचं. त्याची नक्षी घड्यांची नव्हे, आतल्या कार्बाइडची. त्या मुशीवाल्यांची पुस्तिका नव्हती. १९व्या शतकात भट्ट्या विझत गेल्या आणि हातातली विद्या हातांबरोबरच गेली.