जुन्या कोडचा सातबारा कोणाच्या नावावर?

आजची लढाई न्यायालयातली आहे. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड हाती आला, तर तो नव्या कामात वापरता येतो का? फौजेत स्टोअरचा हिशेब पाहिलेल्या मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: वस्तू ताब्यात असणं वेगळं आणि तिच्यावर हक्क असणं वेगळं.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. त्यांची कंपनी एटी अँड टी. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे तिला टेलिफोनबाहेरच्या धंद्याला मनाई होती. म्हणून विद्यापीठांना युनिक्सचा कोड नाममात्र शुल्कात मिळे. पण परवान्याच्या अटींवर. सिडनीचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी त्या कोडवर भाष्य लिहिलं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने तर वर्गात कोड शिकवायलाच बंदी घातली. विद्यार्थी लायन्सच्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाचत राहिले. ते रीतसर बाजारात आलं १९९६ मध्ये.

इकडे बर्कलेच्या विद्यापीठाने युनिक्समध्ये इतकी भर घातली, की १९९१ मध्ये 'हा कोड आता आमचा' म्हणून त्याचा मोठा भाग खुला केला. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने खटला भरला. न्यायाधीश डेबेव्हॉइझ यांनी १९९३ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम नाकारला. '३२व्ही' ही जुनी आवृत्ती निघाली, तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात कॉपीराइटची सूचना छापणं गरजेचं होतं आणि त्या आवृत्तीवर ती नव्हतीच. उलट विद्यापीठानेही दावा ठोकला: आमच्या कोडवरची आमची नावं तुम्हीच पुसलीत! १९९४ मध्ये समेट झाला. १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या अवघ्या तीन. सुमारे ७० फायलींवर कंपनीची सूचना आली. तोवर स्वतंत्रपणे लिहिलेलं लिनक्स पुढे निघून गेलं होतं.

२००२ मध्ये काल्डेरा कंपनीने जुन्या युनिक्स आवृत्त्या खुल्या परवान्याखाली दिल्या. त्याच कंपनीने पुढे एससीओ नाव घेतलं आणि २००३ मध्ये लिनक्सवरून आयबीएमला कोर्टात खेचलं. पण २०१० मध्ये ज्यूरीने सांगितलं, की युनिक्सचे कॉपीराइट नोव्हेलकडून एससीओकडे आलेच नव्हते. म्हणजे सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाटीची परवानगी दुसऱ्याने दिलेली! मग २००२ चा परवाना दिला कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न उरतोच.

आपला काय संबंध? सी-डॅकची 'बॉस' प्रणाली लिनक्सवर उभी आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ज्या 'माया' प्रणालीची बातमी २०२३ मध्ये आली, तिचाही पाया उबंटू लिनक्सच. आणि भारतीय कायद्यात प्रोग्रॅम म्हणजे साहित्यकृती. नोंदणी केली नाही किंवा सूचना छापली नाही म्हणून हक्क बुडत नाही. '३२व्ही'ची पळवाट इथे चालायची नाही.

तेव्हा तरुण मित्रांनो, जुना कोड उचलण्याआधी तीन गोष्टी तपासा: लिहिला कोणी, परवाना दिला कोणी आणि देणाऱ्याला तो अधिकार होता का. परवान्याचा कागद आणि मूळ लेखकांची नावं कोडसोबत जपून ठेवा. देशाच्या सीमेवरचा संगणक ज्या पायावर चालतो, त्या पायाची कागदपत्रं चोख हवीत.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!