पंढरीची पटकी आणि जंतूंचा भाला

सोलापुरात बसून जंतूंचा इतिहास बोलायचा, तर आपल्याला आधी पंढरपूर गाठावं लागतं. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात अफाट गर्दी. तेच पाणी स्नानाला, तेच प्यायला. पटकी आली की गावोगावी मरीआईला साकडं घातलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच इंग्रज सरकारच्या आरोग्य खात्याची नजर या यात्रेवर खिळली. संशय होता तो वारकऱ्यावर.

जंतू तर 1884 मध्येच रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात ओळखला होता. पण हा एवढासा जीव धडधाकट माणसाला काही तासांत आडवा कसा करतो? याचं उत्तर 1959 मध्ये कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी दिलं. जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सशाच्या आतड्यात घातला, तरी आतडं पाण्यानं फुगलं. म्हणजे मारतं ते जंतूनं बाहेर सोडलेलं विष.

आता प्रश्न असा, की विष बाहेर पडतं कसं? या जंतूला दोन आवरणं असतात. त्यांतून माल बाहेर काढणाऱ्या यंत्रणांना आपण स्रावयंत्रणा म्हणू. पटकीचं विष दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेतून जातं. 2006 मध्ये याच जंतूत सहावा प्रकार सापडला. तो म्हणजे चक्क स्प्रिंगचा भाला! शेजारच्या जंतूला भोसकून त्यात विष सोडायचं आणि जागा बळकवायची. स्वतःच्या भावंडांजवळ मात्र उतारा असतो, म्हणून ती वाचतात.

हाच भाला रुग्णालयातल्या सुडोमोनासकडेही आहे. बेसिनच्या ओलाव्यात, व्हेंटिलेटरच्या नळीत तो तळ ठोकतो. प्रतिस्पर्धी जंतूंसाठी सहावा प्रकार. आपल्या पेशींसाठी तिसरा. या तिसऱ्या सुईतून तो संरक्षक पेशींत थेट प्रथिनं टोचतो. आणखी एक गोष्ट. पटकीचा जंतू मेलेल्या शेजाऱ्याचा डीएनए उचलून आपलासा करतो, हे 2015 मध्ये दिसलं. अशा लुटीत औषधाला दाद न देणारं जनुक हाती लागलं, तर डॉक्टरांचं एक हत्यार बोथट होतं.

म्हणून नवं औषध शोधायचंच. पण प्रत्येक औषधाला जंतू तोड काढत असताना केवळ त्यावर विसंबून चालणार नाही. पंढरीला गरज होती ती शुद्ध पाण्याची आणि शौचालयांची. वारकऱ्याला दोष देऊन पटकी हटणार नव्हती. आज वॉर्डातही रुग्णाला किंवा नातेवाइकाला बोल लावण्याआधी आपण बेसिन, नळ्या आणि आपले हात तपासू या.