घर नसलेल्या माणसाच्या धर्मशाळा

गाडगेबाबा म्हटलं की डोळ्यांपुढे पहिल्यांदा खराटा येतो. त्यात आपला दोष नाही. शाळेच्या भिंतीवर त्यांचं चित्र असायचं ते खराट्यासकट. २०००-०१ साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं तेव्हाही खराटाच पुढे आला. आणि २० डिसेंबरला पुण्यतिथी आली की कुठले ना कुठले पुढारी आधीच झाडून ठेवलेला रस्ता नव्या कोऱ्या झाडूने झाडताना पेपरात दिसतात. असो.

माझं म्हणणं एवढंच की खराटा हे त्या माणसाचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे अनोळखी माणसाला रात्रीपुरतं छप्पर. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर, मुंबई.. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी चार भिंती उभ्या केल्या नाहीत, त्याने परक्या माणसांसाठी धर्मशाळांवर धर्मशाळा बांधल्या. हे आपण फारसं सांगत नाही. झाडू मारणं त्या मानाने सोपं आहे, फोटोपुरतं तर फारच सोपं. दारातल्या अनोळखी माणसाला आत घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

माझं माहेर मूर्तिजापूरकडचं, त्यामुळे बाबा आमच्याकडे तसे घरातलेच. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जात परीट. वडील दारूपायी गेले आणि आई सखुबाई पोराला घेऊन भावाकडे दापुऱ्याला आली. तिथे गुरं राखणं, नांगर धरणं, शेतात राबणं यात डेबूजी वाढला. १८९२ मध्ये कुंताबाईशी लग्न झालं. मुलीच्या बारशाला नातेवाइकांना दारू-मटणाची पंगत हवी होती, तर या गृहस्थाने गोडाचं जेवण घातलं. रूढी मोडायची सवय इथूनच. आणि मग १ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, हा माणूस घर सोडून निघाला तो शेवटपर्यंत चालत राहिला.

घर सोडून जाणारे आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. बहुतेक हिमालयाकडे जातात, नाहीतर मठ स्थापतात. बाबांनी दोन्ही केलं नाही. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटक्या मडक्याचा तुकडा (तेच ते गाडगं, भाकर घ्यायलाही तेच), एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. गावात शिरायचं ते रस्ता झाडत. कोणी भाकर दिली तर त्या घरची लाकडं फोडून द्यायची, नाहीतर आणखी काही काम. संध्याकाळी जिथे झाडलं तिथेच कीर्तन आणि दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. ना गुरू, ना शिष्य. पाया पडायला कोणी वाकलं तर त्याची खैर नसे.

कीर्तनही असं की बाबा विचारणार आणि लोकांनी उत्तर द्यायचं. दगडाच्या देवाला नैवेद्य दाखवता तेव्हा तो खातो का? कर्ज काढून तीर्थाला गेलात तर सावकार सोडतो का? सगळं अस्सल वऱ्हाडीत. नोव्हेंबर १९५६ मध्ये बांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, ते आजही ऐकता येतं. आवाज थकलेला आहे, पण समोरच्याला बोलतं करायची हातोटी जराही कमी झालेली नाही. माझ्या मुलाला ते ऐकवलं तर म्हणाला, आई, हे कीर्तन नाही, ही उलटतपासणी आहे.

आता गंमत बघा. हा माणूस लोकांना तीर्थयात्रेला जाऊ नका, ऋण काढून सण करू नका असं कानीकपाळी ओरडून सांगत होता. आणि धर्मशाळा बांधल्या कुठे, तर तीर्थांच्याच ठिकाणी! लहानपणी मला हे कोडं वाटायचं. मोठेपणी जे समजलं ते असं की बाबा देवाच्या गावी देवासाठी जातच नव्हते. पंढरपुरात राहून ते देवळात जात नसत. वाळवंट झाडत, लोकांनी केलेली घाण उचलत. तिथे लाखभर माणूस उघड्यावर पडतो, पावसात भिजतो, पटकीची साथ तर त्या काळी वारीला लागूनच यायची. माणूस जिथे उघडा पडतो तिथे छप्पर हवं, एवढाच हिशेब. पहिलं काम त्यांनी केलं तेही असंच. आमच्याकडे पूर्णेच्या काठी ऋणमोचनची जत्रा भरते. पाप धुवायला आलेले लोक काठच्या चिखलात घसरून पडत, तर तिथे घाट बांधायला घेतला. पुढे त्याच जत्रेत आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगती बसू लागल्या.

धर्मशाळा आपल्याकडे नव्हत्या असं नाही. संस्थानिकांनी बांधल्या, शेटजींनी बांधल्या, मुंबईतही व्यापाऱ्यांनी बांधल्या आणि त्यांचे उपकार आहेतच. पण बहुतेक ठिकाणी दारात पहिला प्रश्न ठरलेला, कोण आपण? म्हणजे जात कोणती. पंढरपुरात महाराला देवळाच्या पायरीपर्यंतच वाट होती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे ती उगीच नाही. देऊळ बंद, तशीच धर्मशाळाही बंद. शेकडो मैल चालत आलेल्या माणसाने विठ्ठलाच्या गावात रात्र काढायची तर नदीच्या वाळूत. १९२० च्या आसपास बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती या माणसांसाठी. देऊळ उघडावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरातच उपोषण केलं ते मे १९४७ मध्ये. म्हणजे देवाचं दार उघडायच्या पंचवीस-एक वर्षं आधी एका परटाने त्या लोकांसाठी झोपायची जागा करून ठेवली होती. कुठे सत्याग्रह नाही, ठराव नाही. कीर्तनात लोकांपुढे पदर पसरायचा आणि विटा रचायच्या.

ही धर्मशाळा पुढे १९४९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. हा व्यवहार मला फार आवडतो. एक बिनशाळेचा, फिरता कीर्तनकार आणि एक कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर. एकाची जागा, दुसऱ्याची शाळा. पाहुणा आता वारकरी नव्हता, विद्यार्थी होता. त्यामुळे बाबांना काही बिघडलं असं वाटलं नसावं.

इथवर लिहून थांबले असते तर ठीक होतं. पण मला कुंताबाईंबद्दल लिहायचं आहे, कारण पुरुष लोक या प्रकरणावरून भराभर पुढे जातात.

नवरा गेला तेव्हा त्या घरी होत्या, लहान मुलांसकट, सासूसकट. पुढे त्या ऋणमोचनला झोपडीत राहिल्या. बाबांनी बांधलेल्या पक्क्या इमारतींत त्यांच्या स्वतःच्या माणसांना जागा नव्हती. ही इमारत लोकांच्या पैशाची, माझ्या वंशाचा यावर काडीचा हक्क नाही, हे त्यांनी कागदोपत्री करून ठेवलं. १९२३ मध्ये एकुलता एक मुलगा गोविंद गेला, कुत्रं चावून. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी आली, कीर्तन थांबलं नाही.

हे सगळे चरित्रकार भक्तीने सांगतात आणि माझ्या अंगावर काटा येतो, पण भक्तीचा नाही. आपल्या आजच्या पुढाऱ्यांची संस्थाने बघितली की नातेवाइकांना चार हात लांब ठेवणाऱ्या माणसाची किंमत कळते, हे शंभर टक्के खरं. विश्वस्त मंडळात मुलगा, सून, मेहुणा असले प्रकार त्यांनी होऊच दिले नाहीत. पण अनोळखी माणसाला दिलेलं छप्पर आणि बायकोला न दिलेलं छप्पर एकाच माणसाच्या खात्यात आहे. हा हिशेब जुळतो असं मला वाटत नाही, आणि तो जुळवून दाखवायची गरज आहे असंही वाटत नाही. मोकळा फिरणारा माणूस मोकळा राहतो तेव्हा त्याच्या वाटचं ओझं कोणीतरी उचलत असतं. आमच्या घरात पाहुणे आले की 'अतिथी देवो भव' कोण म्हणतं आणि कणीक कोण मळतं, हे वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींना चांगलं ठाऊक आहे!

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, गो. नी. दांडेकर तर तरुणपणी त्यांच्याबरोबर हिंडले आणि मग लिहिते झाले. १९७७ मध्ये राजदत्तांनी 'देवकीनंदन गोपाला' काढला, त्यात डॉ. श्रीराम लागू बाबा झाले आहेत. पण माझ्या पिढीतल्या वऱ्हाडी माणसाला बाबा भेटतात ते पुस्तकात नाही, पडद्यावर नाही. ते मुंबईत भेटतात, घरात कोणी आजारी पडलं की.

१९५४ मध्ये बाबांनी जे. जे. हॉस्पिटलच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा केली. वय अठ्ठ्याहत्तर. आजारी माणसाला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या बायकोने, भावाने कुठे पडायचं? हा प्रश्न मुंबईत त्या काळी किती जणांना पडला असेल कोणास ठाऊक. तीर्थाच्या गावी जे दिसलं तेच त्यांना हॉस्पिटलच्या दारात दिसलं. लांबून आलेला, घाबरलेला, खिशात मोजके पैसे असलेला माणूस फूटपाथवर. पुढे त्यांच्या मिशनने दादरला कॅन्सरच्या रुग्णांसाठी धर्मशाळा चालवली. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासूनचं, तिथे देशभरातून लोक येतात आणि आजही बाहेरच्या फूटपाथवर संसार मांडलेले दिसतात. धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर ज्याचं कोणी मुंबईत आहे त्याने तिकडे जायचं.

'तिकडे' म्हणजे बहुतेक वेळा आमच्यासारख्यांकडे. मीरा-भाईंदर हे गावच मुळी बाहेरून आलेल्यांचं. १९८५ मध्ये नगरपालिका, २००२ मध्ये महानगरपालिका, २००१ ची वस्ती पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर. मुंबईत न परवडलेली माणसं इथे आली आणि त्यांच्यामागे गावाकडची आजारपणं आली. अमरावती एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरायचं, विरार लोकल पकडून भाईंदर, मग आमचा दीड खोल्यांचा ब्लॉक. हॉलमध्ये गाद्या. डब्यात पिठलं-भाकर. पहाटे पुन्हा उलटी लोकल. गेल्या वीस वर्षांत आमच्याकडे किती जण राहून गेले ते मी मोजलेलं नाही. त्यातले निम्मे आमचे कोणी लागत नव्हते. गाववाले, गाववाल्यांचे सोयरे, एकदा तर चुलत्यांच्या शेजाऱ्याच्या ओळखीचे एक जोडपं, ज्यांना आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. तो माणूस रोज सकाळी न सांगता आमचा जिना झाडायचा. मी नको म्हटलं तर म्हणाला, ताई, खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे ना.

आणि मागच्या वर्षी आमच्या सोसायटीने नोटीस लावली. सात दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याची लेखी माहिती द्यायची, ओळखपत्राची प्रत द्यायची आणि वर 'पाहुणा आकार' भरायचा. सुरक्षेचं मला समजतं, ओळखपत्र द्यायला माझी ना नाही. पण फॉर्म द्यायला गेले तर कमिटीतल्या एकांनी कागद बघायच्या आधी विचारलं, "कोण लोक आहेत?" मी म्हटलं, "आजारी लोक आहेत." त्यांना ते उत्तर नको होतं. आडनाव बघून त्यांनी पुन्हा विचारलं, नॉनव्हेज वगैरे शिजवत नाहीत ना?

पंढरपूरच्या दारातला प्रश्न लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर आला होता.

मी लेखी उत्तर दिलं. ओळखपत्राच्या प्रती जोडल्या, आकार भरला नाही, आणि उपविधीतलं कुठलं कलम लागू आहे ते कळवावं अशी विनंती केली. दोन स्मरणपत्रं झाली, कलम अजून आलेलं नाही. सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती मावशी, ज्यांच्या घरी कांदासुद्धा येत नाही, माझ्या अर्जावर सही करायला स्वतःहून वर आल्या. त्यांच्या माहेरचे लोकही टाटालाच येतात.

बाबा गेले २० डिसेंबर १९५६ ला. बाबासाहेबांना जाऊन चौदा दिवस झाले होते. अमरावतीला नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, गाडीतच प्राण गेला. अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचं नाव मिळालं, आमच्याकडे राहिलेली एक पोरगी तिथलीच पदवी घेऊन नर्सिंगकडे वळली. तिचे वडील शुक्रवारी पुढच्या केमोसाठी येत आहेत. बरोबर आई आणि एक मामा. मामांना आम्ही अजून पाहिलेलं नाही.