न राहिलेल्या घरी परतताना

मर्ल हॅगर्ड हे नाव निघाले की बोलणे ठरावीक वाटांनीच जाते. सॅन क्वेंटिनचा तुरुंग, १९६९ सालचे ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ आणि त्यावरून माजलेला राजकीय वाद, १९७२ साली गव्हर्नर रेगन यांनी दिलेली माफी. २००७ साली, सत्तरीत, त्याने ‘द ब्लूग्रास सेशन्स’ हा अल्बम केला, याचा उल्लेख झालाच तर ओझरता होतो. ‘म्हातारपणी मुळांकडे परतला’ असे म्हणून विषय मिटवला जातो. आमची तक्रार त्या ‘परतला’ शब्दाविषयी आहे.

ब्लूग्रासची घडण बिल मन्रोच्या वाद्यवृंदात १९४०च्या दशकात झाली. तो केंटकीचा. विजेविना वाजणारे बँजो, फिडल आणि मँडोलिन, द्रुत लय, तारसप्तकाकडे ओढ घेणारा गळा, ही या गायकीची ओळख. हॅगर्डचे आईवडील मंदीच्या काळात ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियात आलेले. १९३७ साली त्याचा जन्म झाला तो बेकर्सफील्डजवळच्या ऑइलडेलचा. मालगाडीच्या डब्याचे केलेले घर. तो नावारूपाला आला तो बेकर्सफील्डच्या खणखणीत इलेक्ट्रिक गिटारच्या साथीने, आणि आवाज खर्जाकडे झुकणारा. म्हणजे ज्या घरी तो परतला म्हणतात, तिथे तो कधी राहिलाच नव्हता!

तरीही परतणे झाले आहे. ते कुठे, हे या अल्बममधली जिमी रॉजर्सच्या ब्लूजची गाणी सांगतात. रॉजर्स १९३३ साली वारला. १९३९ साली ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या मंचावर मन्रोने पहिल्यांदा गायले ते रॉजर्सचे ‘म्यूल स्किनर ब्लूज’. आणि १९६९ साली हॅगर्डने रॉजर्सवर दोन तबकड्यांचा आख्खा संच काढला. दोन्ही घराण्यांचा पूर्वज एकच. हॅगर्ड ब्लूग्रासकडे नव्हे, तर वाटा फुटण्यापूर्वीच्या त्या जागी गेला. निर्माता रॉनी रेनो होता, हेही अर्थपूर्ण आहे. ब्लूग्रासचा विख्यात बँजोवादक डॉन रेनोचा हा मुलगा १९७०च्या दशकात हॅगर्डच्याच ‘स्ट्रेंजर्स’मध्ये वाजवत असे.

सगळाच अल्बम उत्तम आहे असे नाही. ‘व्हॉट हॅपन्ड?’ आम्हांला वृद्धाच्या कुरकुरीपलीकडे फारसे जात नाही असे वाटते. ‘बिग सिटी’सारखी जुनी गाणी पुन्हा घेतल्यामुळे ‘जुनाच माल’ अशी समजूत झाली असल्यास नवल नाही.

परंतु ‘मामाज् हंग्री आइज’ ऐकावे. १९६९ साली हे गाणे त्याने ‘हंग्री आइज’ या नावाने प्रथम प्रसिद्ध केले तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. स्थलांतरित मजुरांच्या छावणीतल्या आईची ही कहाणी तिथे मुलाच्या तोंडी, काहीशी आरोपासारखी येते. २००७ साली गाणारा त्या आईहून कितीतरी म्हातारा झालेला आहे. भोवती मोजकी वाद्ये आहेत. दम अपुरा पडला तर झाकायला काहीच नाही, आणि तो झाकतही नाही. ॲलिसन क्राउसचा स्वर वरून अलगद येतो. आरोप उरलेला नाही, नुसते पाहणे उरले आहे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००८मध्ये, हॅगर्डच्या फुफ्फुसावर कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत, आधी १९६९चे.