थडग्याचं पाहायचं कुणी?

आज जरा वेगळ्या विषयावर बोलायचं आहे. दिवेलागणीला असलं काय काढलं, असं म्हणू नका. ऐका.

आमच्या गटातल्या एकीच्या घरी गेल्या वर्षी शेताची वाटणी झाली. घर लिंगायतांचं, त्यांच्यात पुरायची रीत. शेताच्या कोपऱ्यात चिंचेखाली तिच्या आजेसासूची समाधी होती. चार घडीव दगड, वर एक चपटा दगड, पुढं पणतीपुरता कोनाडा. वाटणीत तो कोपरा धाकट्या दिराकडं गेला. त्यानं विकला. घेणाऱ्यानं ट्रॅक्टर घातला आणि बांधासकट सगळं सपाट केलं. आमची मैत्रीण सणाला दिवा घेऊन गेली तर तिथं कांद्याची लागण. भांडायचं तरी कुणाशी? कागदावर तिथं काही नव्हतंच.

तेव्हापासून आम्ही विचारत सुटलो, की आपल्या भागात माणसं आपल्या मेलेल्यांना कुठं ठेवायची, आणि पुढं त्यांचं कोण बघायचं. लांब जावं लागलं नाही. आपल्याच शिरूर तालुक्यात दोन जागा आहेत.

पहिली इनामगाव, घोड नदीच्या काठावर. तिथल्या पांढरीच्या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. निघालं एक अख्खं गाव, साधारण ३६०० ते २७०० वर्षांपूर्वीचं. कुडाच्या भिंती, चुली, धान्य साठवायच्या कणग्या, बळद. ही माणसं जव पिकवायची, मसूर खायची, आणि नदीचं पाणी शेताला घ्यायला त्यांनी पाटही काढला होता.

आणि त्यांची मढी? घराच्या भुईखाली आणि अंगणात. मोठं माणूस गेलं की खड्ड्यात उताणं ठेवायचं, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखाली पाय तोडायचे. ऐकून आम्हीही दचकलो होतो. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांना वाटतं की गेलेलं माणूस चालत दुसरीकडं जाऊ नये, घराजवळच राहावं, म्हणून असं करत असतील. सोबत एक वाडगं आणि तोटीचं मडकं ठेवलेलं असे. एका माणसाला मात्र चार पायांच्या, पोट सुटलेल्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेलं सापडलं, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा म्होरक्या असावा, असं मानतात. मोठ्याला वेगळा नियम तेव्हाही होताच म्हणायचा!

पण आमच्या मनात बसली ती तान्ही लेकरं. मूल गेलं की राखाडी रंगाची दोन मडकी घ्यायची, त्यात त्याला ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची आणि घरातच जमिनीखाली आडवी पुरायची. वरून भुई पुन्हा चोपून सारखी करायची. म्हणजे आई तिथंच दळायची, तिथंच निजायची, दुसरं लेकरू तिथंच रांगायचं. थडग्याची वेगळी देखभाल नव्हती. घराची झाडलोट हीच थडग्याची झाडलोट.

आता आपलं बघा. जाळायची रीत असलेल्या घरांतही तान्ही मुलं पुरतात. कोण नेतं? पुरुष. आई बाळंतिणीच्या खाटेवर. ‘बाईनं यायचं नसतं’ म्हणून तिला जागा दाखवत नाहीत, आणि तिनं विचारलं तर ‘आता कशाला उकरून काढतेस’ म्हणून गप्प करतात. हा विषय गटात निघाला त्या दिवशी आमच्यातल्या सात जणींनी सांगितलं, की आपलं मूल कुठं आहे ते आम्हाला ठाऊक नाही. एक जण सत्तरीची आहे.

दुसरी जागा पाबळ. तिथं मस्तानीचं थडगं आहे. पाबळ बाजीराव पेशव्यांनी तिला इनाम दिलेलं. २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले, आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. मागं राहिला मुलगा समशेर बहाद्दर, सहा वर्षांचा. तो पेशव्यांच्या घरात वाढला आणि १७६१ ला पानिपताच्या लढाईत जखमी होऊन गेला. त्याचा मुलगा अली बहाद्दर बुंदेलखंडात उतरला, आणि पुढं ते घराणं बांद्याचे नवाब म्हणून तिकडंच रुजलं. म्हणजे आईचं थडगं पाबळात आणि वंश शेकडो कोस लांब. गोतातलं जवळ कुणी उरलं नाही. थडगं राहिलं ते गावाच्या भरवशावर. कुणी त्याला समाधी म्हणतं, कुणी मजार.

नुसत्या भरवशावर सगळ्यांचं निभत नाही, म्हणून जुन्या काळी थडग्याला, समाधीला, दर्ग्याला जमीन इनाम लावून द्यायचे. त्या पिकावर दिवाबत्ती आणि झाडलोट करणाऱ्याचं पोट चालायचं. ती व्यवस्था मोडली की राजाचीही सुटका नाही. १८१८ ला रायगड इंग्रजांकडं गेला. १८८३ च्या आपल्या पुस्तकात जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानं लिहिलं, की शिवाजी महाराजांच्या समाधीकडं कुणी बघत नाही. त्यावर बोंब झाली, तेव्हा सरकारनं देखभालीला मंजूर केले वर्षाला ५ रुपये! पुढं लोकांनी वर्गणी काढली, तरी जीर्णोद्धार व्हायला १९२६ साल उजाडलं.

आता हाताचं काम. नवी माती पहिल्या पावसात बसते, तेव्हा पाऊस उघडला की पुन्हा भर घालायची. वर बाभळीच्या फांद्या आणि दगड ठेवले की कुत्री-कोल्ही उकरत नाहीत. सांध्यात पिंपळ उगवला तर बोटाएवढा असतानाच काढायचा. देवाचं झाड म्हणून हात लावत नाहीत, आणि दहा वर्षांत तोच दगड फोडतो. तो दुसरीकडं लावावा, पाप लागत नाही. आणि जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापू नका, ऑइलपेंट तर मुळीच नको. आतली ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. ज्या हौशी मंडळींनी पूर्वजांच्या समाध्या गुलाबी रंगवल्या आहेत, त्यांनी रागावू नये.

राहिला कागद. समाजाच्या किंवा गावाच्या दफनभूमीची जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा ‘ब’ मध्ये धरतात, तिला आकार नसतो. आपल्या गावच्या जागेची तशी नोंद आहे का, तलाठ्याकडं जाऊन बघा. एका घराच्या थडग्याला ती नोंद मिळेलच असं नाही. म्हणून वाटणीपत्र किंवा खरेदीखत होताना थडग्याची जागा चतुःसीमेसकट आणि तिथवरची पायवाट त्यात लिहून घ्या. सही करायच्या आधी. आमच्या मैत्रिणीच्या घरी पाच पुरुषांनी सह्या केल्या, कुणालाच आठवलं नाही. ती आत चहा करत होती.

तिनं आता चिंचेच्या बुंध्याशी एक दगड मांडला आहे. झाड नव्या मालकाच्या हद्दीत येतं. पण मालकाची बायको आमच्याच गटात आहे, आणि तिथलं गवत तीच काढते. राहिलेल्या सात जणींपैकी तिघींनी घरी पुन्हा विचारलं. एकीला तिच्या दिरानं जागा दाखवली, ओढ्याच्या अलीकडं, निंबाखाली. एकोणीस वर्षांनी. ती तिथं घटकाभर बसली आणि उठताना माती सारखी करून आली.