फ्रेंडलिस्टमध्ये हजारो, पण खरे मित्र किती?

फेसबुकवर एका प्रोफाइलला जास्तीत जास्त ५००० फ्रेंड्स जोडता येतात. पण अडीअडचणीला धावून येणारे त्यात किती असतात?

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ मध्ये माकडांच्या मेंदूचा आणि कळपाच्या आकाराचा संबंध तपासला. त्यावरून त्यांनी अंदाज मांडला की, माणूस साधारण १५० जणांशीच नातं टिकवू शकतो. यालाच 'डनबार नंबर' म्हणतात. त्यातही जिवाभावाची माणसं जेमतेम ५ असतात. २०१६ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या सोशल मीडिया युजर्सची पाहणी अभ्यासली. संकटात ज्यांच्यावर विसंबता येईल, असे फेसबुक फ्रेंड्स सरासरी ४ च निघाले.

मैत्री घट्ट व्हायला वेळही द्यावा लागतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, तर जवळची मैत्री व्हायला २०० हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात. ऑफिसात सोबत काम केल्याचे तास यात फारसे कामी येत नाहीत. मनमोकळ्या गप्पा, एकत्र भटकणं, एकमेकांची विचारपूस यातूनच जवळीक वाढते.

थोडक्यात, वाढदिवसाला किती शुभेच्छा आल्या यावरून मैत्री मोजता येत नाही. वेळ मोजकाच असतो, तो त्या चार-पाच जणांसाठी राखून ठेवायला हवा.