'गो'मधला ओ

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात 'गो होम' असे वाचले आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. सर म्हणाले, "अहो, तुमचा ओ काठीसारखा सरळ! इंग्रजांचा ओ वाटेत वळतो." झाले! महिनाभर मी आरशासमोर. ओठ आवळून जबडा दुखे, आई विचारी, "दाढ ठणकतेय का रे?" शेवटी आमच्या 'गौरी'तल्या 'गौ'ने वाट दाखवली. अ वरून उ कडे घसरायचे, बस्स!

पुढे इंग्रजी उच्चारांचा इतिहास वाचला, तेव्हा कुठे तो सल गेला. हा वळणारा ओ दक्षिण इंग्लंडात रुळला तोच मुळी १८०० च्या आसपास. १६१६ मध्ये वारलेल्या शेक्सपिअरचा 'गो' माझ्यासारखाच सरळ! त्याच्या कितीतरी आधी तर 'स्टोन'चा उच्चार 'स्तान' होता. स्कॉटलंडात सरळ ओ आजही सर्रास ऐकू येतो. आणि १८२९ मध्ये मुंबईस येऊन शाळा काढणारे जॉन विल्सन स्कॉटच! त्यांच्या विद्यार्थ्यांच्या सरळ 'गो'ला कोण हसले असेल?

हल्ली मी चारचौघांत वळणाचा ओ काढतो. घरी मात्र सरळच.